ईदचा मसाला

मसाला हा शब्द मूळचा अरबी आहे. 'मसालिह' हे 'मसलहत'चं अनेकवचन. ज्यात भलं आहे, ज्यानं गोष्ट नीट होते, ते. स्वाद, लाम आणि बडी हे या तीन अक्षरांपासूनच 'इस्लाह' झाला, 'सुलह' झाली आणि फारसीच्या वाटेनं येता येता आपल्या स्वयंपाकघरातला मसालाही झाला. उर्दूत हा शब्द कुणी 'स्वाद'नं लिहितं, कुणी 'सीन'नं. इमला लिहून घेताना वर्गातल्या निम्म्या वह्यांत एक रूप असतं, निम्म्यांत दुसरं, आणि आम्ही दोन्ही बरोबर धरतो. मुलांना याचं आश्चर्य वाटतं. एका शब्दाची दोन रूपं बरोबर कशी, असं विचारतात. आम्ही सांगतो, घरी जाऊन विचारा, प्रत्येकीच्या अम्मीचा मसाला तरी एकसारखा असतो का?

'आम्ही' लिहितो म्हणून कुणी राजेशाही थाट समजू नये. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात आणि पंचायत समितीत मराठी, असं आमचं आयुष्य. उर्दूतला 'हम' तोंडात इतका बसला की मराठी लिहायला घेतली तरी 'मी' उमटत नाही. बी.एड.ला असताना मराठीच्या प्राध्यापक बाईंनी पाठ टाचणात तीन वेळा खोडलं आणि मग नाद सोडला.

सांगली-मिरजेकडे मसाल्याला चटणी म्हणतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे 'चटणी' मागितल्यावर लाल तिखट पुढं आलेलं पाहून गोंधळतात. फाल्गुन-चैत्रात उन्हं तापली की अंगणात चादरी पसरतात, मिरच्यांचे देठ खुडतात, नाकाला पदर लावून बायका डंकावर रांग धरतात. आमच्या अम्मी वर्षाला दोन मसाले करायच्या. एक सगळ्यांसारखा, कांदा-लसूण-खोबरं घातलेला, तेलाचा हात लागलेला, रोजच्या कालवणाचा. दुसरा अगदी कोरडा. त्यात ना कांदा, ना लसूण, ना तेल. त्याला घरात 'ईदचा मसाला' म्हणायचे आणि ती ईद म्हणजे बकरीद. रमजान ईदेला त्याची बरणी उघडत नसे.

कोरडा का, तर तो कालवणात पडायचाच नाही. तो मांसाला चोळायचा असायचा. कुर्बानीचे तीन वाटे झाले, नातेवाइकांचा आणि गरिबांचा घरोघर पोचला, की उरलेल्या मोठ्याच्या गोश्ताच्या लांब पट्ट्या काढायच्या. मीठ आणि हळद लावून रात्रभर ठेवायच्या, सकाळी हा मसाला चोळायचा आणि सुतळीवर ओवून गच्चीत टांगायच्या. पावसाळ्यात ईद आली तर ऊन कुठलं? मग चुलीच्या वर दांडीवर. खालून धूर, वरून वारा. फ्रीज नसलेल्या काळात महिना-दीड महिना ते टिकायचं. पुढं कधीही दोन पट्ट्या ठेचून, तेलावर परतून भाकरीबरोबर. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांत याच कुळातल्या वाळवलेल्या तुकड्यांना चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात त्या सगळ्या स्वयंपाकाची नोंद केली आहे. ते वाचताना आम्हाला आमचीच गच्ची दिसत होती. आपल्याकडे मात्र असं कुणी लिहून ठेवलं नाही. बिर्याणीवर लिहायला सगळे तयार, सुक्या गोश्तावर कोण लिहिणार?

सुकवायला रान, दस्ती चालते. सीना चालत नाही. सीन्यात चरबीचे थर आणि चिवट धागे. चरबी वाळत नाही, खवट होते. म्हणून आमच्या घरी सीना त्याच दिवशी मोठ्या हंडीत चढायचा आणि चार-पाच तास मंद आचेवर पडून राहायचा. अम्मी त्यालाही तोच ईदचा मसाला चोळायच्या. कसायाकडचा सर्वांत स्वस्त भाग आणि सर्वांत जास्त वेळ खाणारा. पायाचं सूप थंड झालं की जसं थरथरतं, तसंच सीन्याचं. चिवटपणा विरघळून त्याचीच चिकट, गोडसर झिलई होते.

२०१५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात गायीबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशी-रेड्यांना ती लागू नाही. कायद्याची चर्चा इथं करायची नाही, ती वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली. स्वयंपाकघरात एवढंच झालं की गोश्ताची जात बदलली. म्हशीचं मांस गडद, आतली चरबी कमी, लवकर कोरडं पडणारं. अम्मींनी काही न बोलता मसाल्यातलं मिरं थोडं कमी केलं, धणे वाढवले. आणखी एक झालं. डंकावर रांगेत शेजारी बसणाऱ्या एका बाईंनी, ज्यांच्याशी वर्षानुवर्षं मिरच्यांचे भाव बोलून झाले होते, त्या वर्षी पहिल्यांदा विचारलं, "हा कोरडा मसाला कशाला हो तुमचा?" अम्मी म्हणाल्या, "वांग्याला." खोटंही नव्हतं. वांग्याला तो छान लागतो. पण त्या दिवसापासून अम्मी ईदचा मसाला डंकावर नेईनाशा झाल्या. घरीच लोखंडी खलबत्त्यात थोडा थोडा कुटायच्या. म्हणून तो पूर्वीपेक्षा भरड होऊ लागला. याचा पुढं फायदा झाला, तो कसा ते सांगते आहोत.

आमचे थोरले भाऊ, भाईजान, २०११ पासून टेक्सासमध्ये ह्यूस्टनला आहेत. संगणकाची नोकरी. ह्यूस्टनच्या हिलक्रॉफ्ट भागात आपल्याकडचं सगळं मिळतं, शेवयांपासून हळकुंडापर्यंत, हलाल गोश्तही. सुरुवातीची वर्षं ते खुशालीचे फोन करत आणि अम्मींना दुकानातले भाव सांगत. २०१७ च्या ऑगस्टअखेर हार्वी वादळानं ह्यूस्टन बुडालं. तिकडची बकरीद १ सप्टेंबरला होती. शहरातल्या मशिदी बेघरांसाठी उघडल्या होत्या, भाईजान एका मशिदीत खिचडी वाढत होते. अम्मी फोनवर रडत होत्या. दोन वर्षांनी उलट झालं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढली, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आणि १२ तारखेची बकरीद पुरातच आली. आमच्या शाळेच्या वर्गांत कुटुंबं उतरली होती. बाकं व्हरांड्यात, फळ्याखाली गोधड्या. त्या ईदेला आमच्या घरी कुर्बानी झाली नाही, पैसे शिबिराला गेले. अम्मींनी ईदचा मसाला मात्र आधीच कुटून ठेवला होता, जवळजवळ दोन किलो. तो सगळा शाळेत आला आणि आठवडाभर बटाट्यात आणि डाळीत पडला. सगळ्या वस्त्यांतले लोक जेवत होते. डंकावरच्या त्या बाईही होत्या. त्यांनी दोनदा आमटी मागून घेतली. आम्ही काही बोललो नाही, अम्मीही नाही.

अम्मी २०२१ च्या मे महिन्यात गेल्या. दुसरी लाट. ज्यांच्या घरातलं कुणी त्या दिवसांत गेलं त्यांना पुढचं सांगायला नको, आणि ज्यांच्या घरातलं गेलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. मोजकी माणसं, लांबूनच दुआ. भाईजान आले नाहीत. त्या वेळी अमेरिकेनं भारतातून येण्यावर बंधनं घातली होती, इथले व्हिसाचे दरवाजे जवळजवळ बंद होते. एच-वन-बी वाला एकदा इकडे आला की परत कधी जाईल याचा भरवसा नव्हता. तिकडे बायको, दोन मुलं, घराचा हप्ता. हे सगळं आम्हाला तेव्हाही समजत होतं. समजणं वेगळं. दफन त्यांनी फोनच्या पडद्यावर पाहिलं, फोन आमच्या हातात होता. हात दुखला म्हणून आम्ही तो दुसऱ्याकडे दिला आणि परत घेतला नाही. त्यानंतर वर्षभर बोलणं झालं ते अब्बांच्या गोळ्या, वीजबिल आणि पाठवलेले पैसे मिळाले का, एवढंच.

२०२२ च्या बकरीदेच्या आठवडाभर आधी त्यांचा फोन आला. सलाम-दुआ झाली. मग म्हणाले, "अम्मी का ईद का मसाला किसकू आता?"

आम्ही विचारलं, कशाला.

"ब्रिस्केट करना है."

ब्रिस्केट म्हणजे आपला सीनाच. टेक्सासात तो लाकडाच्या धुरावर भाजतात. भाईजानांनी मागच्या अंगणात लोखंडी भट्टी घेतली होती, शेजाऱ्याकडून शिकले होते. त्यांनी सांगितलं ते असं. एकोणिसाव्या शतकात मध्य टेक्सासात जर्मन आणि झेक खाटीक येऊन वसले. दुकानात न खपलेलं मांस ते धुरावर ठेवत आणि कागदात गुंडाळून विकत. कापूस वेचणारे मजूर ते तिथंच उभ्यानं खात. त्या भट्ट्यांवर राबले काळे आणि मेक्सिकन कामगार, त्यांची नावं दुकानांच्या पाट्यांवर आली नाहीत. लॉकहार्ट नावाचं एक छोटं गाव आहे, तिथलं क्रॉइझ मार्केट १९०० पासून चालू आहे. ऑस्टिनचं फ्रँकलिन बार्बेक्यू २००९ मध्ये एका गाड्यावर सुरू झालं आणि आता लोक पहाटेपासून रांग लावतात. सीना, तोच, कसायाकडचा सर्वांत स्वस्त भाग. आणि मसाला? मीठ आणि जाडं भरडलेलं मिरं, निम्मं निम्मं. झालं.

आम्ही म्हणालो, मग अम्मींचा मसाला कशाला हवा?

ते गप्प राहिले. मग म्हणाले, "मुलांना माहीत नाही ना."

आता पंचाईत अशी की मसाला कुणालाच येत नव्हता. म्हणजे काय काय पडतं ते माहीत होतं. संकेश्वरी मिरची, ब्याडगी, धणे, जिरं, शहाजिरं, मिरं, सुंठ, हळकुंड, दालचिनी, लवंग, दगडफूल. प्रमाण कुणाकडे लिहिलेलं नव्हतं. अम्मींची थोरली बहीण, आमच्या खाला, त्यांना प्रमाण पाठ होतं, पण ते पैशांत होतं. "धने दो रुपये के, जीरा बारा आने का, दगडफूल चार आने का." हे लग्नानंतरच्या पहिल्या बाजाराचं प्रमाण, अंदाजे १९८० सालचं. चवन्नी तर २०११ मध्ये चलनातूनच गेली. चार आण्यांचं दगडफूल म्हणजे किती ग्रॅम, हे गणित कुठल्या इयत्तेच्या पुस्तकात नाही.

आम्ही सांगलीच्या गणपती पेठेत एका जुन्या दुकानदार काकांकडे गेलो. त्यांचं वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी डोळे मिटून भाव सांगितले, मुलगा हसत होता. त्यावरून कागदावर एक प्रमाण आलं. बी.एड.ला कृतिसंशोधन नावाचा प्रकार होता, समस्या ठरवा, गृहीतक मांडा, एका वेळी एकच गोष्ट बदला, नोंदी ठेवा. नोकरीत तो आम्हाला कधी उपयोगी पडला नव्हता, तो इथं पडला. पाव-पाव किलोच्या पाच पुड्या केल्या, वर अंक घातले आणि अब्बांना चाखायला दिल्या. नुसता मसाला नाही, पातळ ताकात चिमूटभर, नाहीतर जीभ दोन पुड्यांतच मरते. अब्बा प्रत्येक वेळी मान हलवत. "पास है, मगर वो नहीं." तिसऱ्या पुडीला म्हणाले, "ये उसकी बहन का है." खाला तिथंच बसल्या होत्या, त्यांना राग आला.

शेवटी जमलं ते साधारण असं: धणे पाव किलो, ब्याडगी दोनशे ग्रॅम, संकेश्वरी शंभर, मिरं पंचाहत्तर, जिरं पन्नास, हळकुंड तीस, सुंठ वीस, दालचिनी आणि दगडफूल प्रत्येकी दहा, लवंग आणि शहाजिरं पाच-पाच. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. धणे पार तपकिरी होईपर्यंत, जिरं फक्त तडतडेपर्यंत, मिरच्या नुसत्या उन्हात कडक. हळकुंड आधी फोडून घ्यायचं, नाहीतर खलबत्ता उडतो. दगडफुलातली काडीकचरा निवडायला अर्धा तास. मीठ मसाल्यात मिसळायचं नाही. बरणीत तळाशी आणि वर हिंगाचा खडा. अब्बा म्हणाले, "जवळ आलं." पूर्ण 'हो' त्यांनी म्हटलं नाही.

ह्यूस्टनला जाणाऱ्या एका ओळखीच्या मुलाबरोबर आम्ही अर्धा किलो पाठवला. मग सुरू झाली फोनाफोनी. वर्षभर न बोललेली भावंडं मिठावर भांडू लागली.

भाईजान मीठ मसाल्यात घालून चोळायचे, तिकडची रीत तशी. आम्ही सांगितलं, अम्मी आधी मीठ लावायच्या, मसाला दुसऱ्या दिवशी. ते म्हणाले, काय फरक पडतो. पडतो. मीठ विरघळून मांसाच्या आत उतरतं, त्याला रात्र लागते. मिरची, धणे, दालचिनी यांतलं फारसं काही आत जात नाही, कितीही चोळा, ते वरच राहतं. म्हणून मिठाचं काम वेगळं, मसाल्याचं वेगळं. आणि मीठ मसाल्यात असलं की मसाला जास्त चोळला तर मांस खारट, कमी चोळला तर अळणी. वेगळं असलं की वजनावर मोजता येतं. किलोला बारा ग्रॅम, सहा किलोच्या सीन्याला बहात्तर. हे त्यांना पटलं, कारण त्यांच्याकडे काटा होता.

दुसरं भांडण दळण्याचं. पहिल्या खेपेला त्यांनी आमचा मसाला मिक्सरमधून आणखी बारीक काढला. त्याचा लेप झाला, धुरावर काळा पापुद्रा आला आणि चव कडवट. बारीक पूड सगळी जागा बुजवते, भरड असली की कणांच्या मधून चरबी पाझरते, धूर चिकटतो, वरचं कवच खरपूस होतं. टेक्सासवालेही मिरं मुद्दाम जाडंच वापरतात. अम्मींचा खलबत्त्यातला भरड मसाला इथं कामी आला. साखरेची गोष्टही तशीच. अमेरिकेत डुकराच्या मांसाला चोळायच्या कितीतरी मसाल्यांत साखर असते, पण टेक्सासचा जुना खाटीक सीन्याला साखर लावत नाही, आणि अम्मीही लावत नव्हत्या. त्यांच्या शेजाऱ्यानं कच्ची पपई लावायचं सुचवलं होतं, कुठंतरी वाचून. आम्ही म्हणालो, नक्को. पपई कबाबाला ठीक. एवढ्या मोठ्या तुकड्याचा वरचा अर्धा इंच पिठूळ होईल आणि आतला चिवटच राहील. सीन्याला मऊ करतो तो वेळ.

वेळ किती? एकशेदहा ते एकशेतीस अंश सेल्सियस आचेवर बारा तास, कधी चौदा. पोस्ट ओक नावाच्या झाडाचं लाकूड. एकदा दुपारी, म्हणजे त्यांच्या पहाटे, ते घाबरून फोनवर आले. मांसात खुपसलेला तापमापक अडुसष्टवर येऊन थांबला होता, तीन तास हलत नव्हता. भट्टी बिघडली का? आम्ही चौथीच्या वर्गाला माठातलं पाणी गार का होतं ते शिकवतो. तेच हे. मांसाला घाम येतो, घाम वाळताना उष्णता घेऊन जातो, आतली आच आणि बाहेरचा गारवा यांची बरोबरी होते. घाम संपला की पारा पुन्हा चढतो. घाई असेल तर कागदात गुंडाळा, घाम वाळायचा थांबेल. त्यांचे तिकडचे लोक याला स्टॉल म्हणतात आणि त्यावर तासन्तास चर्चा करतात म्हणे. पंच्याण्णव अंशांना काढून, गुंडाळून तास-दोन तास तसंच ठेवायचं. सुरी आडव्या धाग्यावर चालवायची.

मिऱ्याचा एक गमतीचा भाग. भाईजान तिकडे विकत घेतात ते मिरं व्हिएतनामचं असतं. जगात सर्वांत जास्त मिरं आता तिथंच पिकतं. ज्या मलबारी मिऱ्यासाठी अरब, पोर्तुगीज आणि डच दर्यावर्दी आपल्या किनाऱ्याला लागले, आणि ज्यांच्यापैकी पोर्तुगिजांनी येताना अमेरिकेची मिरची आणली, त्या मिऱ्याची ही हालत. म्हणजे अम्मींच्या मसाल्यातली मिरची मूळ त्यांच्याकडची आणि त्यांच्या ब्रिस्केटवरचं मिरं मूळ आपल्याकडचं. आमच्या सहावीच्या मुलांना हे सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "तो फिर बराबर हो गया, बाजी."

त्या वर्षीच्या ईदेच्या दुसऱ्या दिवशी भाईजानांनी फोन केला. मागं मुलांचा गोंगाट होता. ते म्हणाले, कवच तोडून तोंडात टाकलं आणि अम्मींच्या मसाल्याचा वास आला. आम्ही म्हणालो, मसाला त्यांचाच आहे, वास कुणाचा येणार? ते म्हणाले, नाही, तुझ्या पुडीला तो वास नव्हता. धुरावरून उतरल्यावर आला.

आम्ही पुष्कळ विचार केला. अब्बांच्या "जवळ आलं"चा अर्थ तेव्हा लागला. आमच्या लहानपणी अम्मी धणे-मिरी चुलीवर भाजायच्या, बाभळीच्या लाकडावर. मागच्या अंगणातली ती चूल पुढंही फक्त ईदच्या मसाल्यासाठी पेटायची. आम्ही पुड्या गॅसवर भाजल्या होत्या. धूर मसाल्याचा एक जिन्नस होता आणि तो खालांच्या यादीत नव्हता, कारण त्याला पैसे पडत नव्हते. दगडफुलालाही थोडा धुरकट वास असतोच, म्हणून कदाचित आम्ही जवळ तरी पोचलो.

भाईजान २०२४ च्या जानेवारीत आले, बारा दिवसांसाठी. पहिल्या दिवशी अब्बांबरोबर कब्रस्तानात गेले. आम्ही शाळेत होतो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा ते मागच्या अंगणात अम्मींची चूल साफ करत बसले होते. विटा ढासळल्या होत्या, त्या त्यांनी मातीनं लिंपल्या. आम्ही चहा नेऊन दिला. ते म्हणाले, "मी यायला हवं होतं." आम्ही म्हणालो, "फोन मी धरायला हवा होता." 'मी' म्हणालो, हे आमच्या नंतर लक्षात आलं. एवढंच बोलणं. मग त्यांनी विचारलं, तेलाचा रिकामा डबा आहे का.

रविवारी कसायाकडून अडीच किलो सीना आणला, म्हशीचा. रात्री मीठ, सकाळी मसाला, या वेळी बाभळीवर भाजलेला. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला भाईजानांनी खालून-वरून भोकं पाडली, आत जाळी टाकली, शेजारच्या चुलीतून निखारे आणि लाकडाचे तुकडे पुरवत राहिले. म्हशीच्या सीन्यात अंगची चरबी कमी, म्हणून वरून कसायाकडचीच चरबी पातळ कापून पांघरली. बारा तास काही जमलं नाही. साडेपाच तास धुरावर ठेवला, मग हंडीत घालून, कणकेनं झाकण बंद करून तीन तास दम दिला. टेक्सासवाले याला ब्रिस्केट म्हणतील का ठाऊक नाही. धुराचा वास गल्लीत गेला, दोन-तीन घरांतून विचारणा झाली. वरच्या आळीतून त्या डंकावरच्या बाईंची सून वाटी घेऊन आली. म्हणाली, सासूबाईंनी विचारलंय, पुराच्या वेळचा तो कोरडा मसाला अजून करता का? वांग्याला हवाय. आम्ही पाव किलो बांधून दिला.

जेवायला ज्वारीच्या भाकरी होत्या. अब्बांनी कवचाचा तुकडा आधी वेगळा घेतला, बराच वेळ चघळला. मग भाईजानांना म्हणाले, "मीठ बराबर है." मिठाचा मान त्यांना गेला, हे आम्हाला पटलेलं नाही.

आता प्रमाण लिहून ठेवलं आहे, दोन प्रती, एक इथं, एक तिकडे. आमची उर्दूत, भाईजानांच्या मुलांसाठी इंग्रजीत. 'लाकूड: बाभूळ, नसल्यास ओक' अशी ओळ दोन्हींत घातली आहे. खाला मात्र तो सीना आजही 'जला हुआ गोश्त' म्हणतात आणि दोन तुकडे डब्यात भरून घरी नेतात.